गाठीच्या माथी

माझ्या धाकट्या बहिणीला रागीट ठरवायला कुणाला कधी पुरावा लागला नाही. ती रागीट नव्हती असं मी मुळीच म्हणत नाही. पण मी तिच्या दुप्पट तापट आहे, आमच्या लॅबमध्ये कुणालाही विचारा. फरक इतकाच की माझं ब्लडप्रेशर या वयातही शाळकरी पोरीसारखं आहे, म्हणून मला लोक ‘स्पष्टवक्ती’ म्हणतात. तिचं प्रेशर विशीतच डोक्यावर चढून बसलं, म्हणून ती ‘आकांडतांडव करणारी’. राग दोघींचा सारखाच, आईकडून आलेला.

डॉक्टरांनी आधी एक गोळी दिली, मग दोन, मग चार. प्रेशर जागचं हलेना. प्रत्येक नव्या डॉक्टरकडे गेलं की तोच उपदेश, मन शांत ठेवा, चिडू नका. तिच्या अंगातलं पोटॅशियम सारखं कमी व्हायचं, पाय गळून जायचे, जिना चढता चढता ती मधल्याच पायरीवर बसायची. सासू म्हणायची, आळशी आहे. नवरा म्हणायचा, नाटकी आहे. मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे माणसांच्या शरीरातून काढलेले तुकडे काचेवर बघणारी. माणूस अख्खा असेपर्यंत माझं कोण ऐकतं? रक्तातलं रेनिन, म्हणजे दाब चढवणारं हार्मोन, तपासा, असं मी दोन डॉक्टरांना सांगून पाहिलं. एकाने तपासलंही, पण गोळ्या चालू असतानाच, त्यामुळे आकडा असा आला की त्यातून काही म्हणजे काही ठरेना. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यांच्यातल्या एका डॉक्टरने तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, राग आला की यांना शांत, अंधाऱ्या खोलीत पडून राहू द्या. माझे मेव्हणे मोठे आज्ञाधारक. त्यांनी झोपायच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी लावून घेतली. धाकटी आवाज चढवून बोलली की दंडाला धरून आत ढकलायचं आणि कडी घालायची. प्रेशर उतरलं की उघडतो, म्हणायचे. प्रेशर उतरलंय हे बाहेरून कसं कळायचं, तर ती दार ठोकायची थांबली की.

तिने हे मला सांगितलं तेव्हा मी तडक तिच्या घरी गेले. कडी नव्हती. पण दाराच्या बाहेरच्या अंगाला भोकं होती, पुट्टीने बुजवलेली, वर ताजा रंग. हे काय, म्हणून मी विचारलं. टॉवेल अडकवायचा हूक होता ताई, मेव्हणे म्हणाले. खोलीच्या बाहेर, कमरेच्या उंचीवर, टॉवेल. मी त्यांना तिथेच काय काय बोलले ते इथे सांगत नाही. त्याचा परिणाम एवढाच झाला की दोन्ही बहिणी सारख्याच, असं सासरी पक्कं झालं.

मग एका संध्याकाळी धाकटीने भाजीचं पातेलं भिंतीवर भिरकावलं. तिची लेक तिथेच टेबलापाशी गृहपाठ करत होती. तिला लागलं काहीच नाही, पण पातेलं फेकून धाकटी स्वतःच भोवळ येऊन पडली. मेव्हण्यांनी पोरीला उचललं आणि स्वतःच्या आईकडे नेऊन ठेवलं. तुझं प्रेशर ताळ्यावर आलं की आणतो, म्हणाले. वर्ष उलटून गेलं. पोर बारा वर्षांची झाली. रविवारी आईला भेटायला मिळायचं, ते पण आजी समोर बसून भाजी निवडणार.

त्या वर्षात धाकटी अर्धी झाली. माझ्याकडे येऊन एकच विचारायची, ताई, प्रेशर उतरवायला अजून काय करू? मीठ सोडलं, चहा सोडला, बोलणंसुद्धा सोडलं. प्रेशर तिथेच.

पाठीत दुखतंय म्हणून सोनोग्राफी केली तेव्हा उजव्या मूत्रपिंडात लिंबाएवढी गाठ दिसली. सर्जनने गाठ आणि भोवतालची मूत्रपिंडाची एक पट्टी काढली, बाकीचं वाचवलं. आणि ऑपरेशननंतर प्रेशर उतरलं. गोळ्या एकेक करून बंद झाल्या. नर्स आकडा सांगायची आणि मी तिला पुन्हा मोजायला लावायची, माझा विश्वासच बसेना.

मेव्हण्यांचाही बसला नाही. ते पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, “पडून आहे, आराम आहे, कुणाशी भांडायला मिळत नाही. उतरणारच की. घरी येऊ द्या, मग बघू.”

मी म्हटलं, “आणि गाठीमुळे प्रेशर होतं असं सिद्ध झालं तर?”

“आजार होता, स्वभाव नव्हता, असं लेखी सिद्ध करून दाखवा ताई. पोरीला मी स्वतः आणून सोडतो. शब्द देतो.”

धाकटी उशीवरून माझ्याकडे बघत होती. तो शब्द मी घट्ट धरून ठेवला.

आता हे सिद्ध कसं करायचं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मूत्रपिंडात लाखो बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीच्या तोंडाशी मूठभर पेशी पहारा देतात. रक्ताचा दाब कमी झाला की त्या रेनिन नावाचं हार्मोन सोडतात, मग दाब वाढतो, शरीराचं काम चालतं. क्वचित, फार क्वचित, या पेशींचीच गाठ होते. ती गाठ दाब कमी असो की जास्त, रेनिन ओततच राहते. प्रेशर चढतं, पोटॅशियम उतरतं, पाय गळतात. माणूस चिडो की जप करत बसो, काही फरक पडत नाही. गाठ काढल्यावर मात्र रक्तात शोधून उपयोग नाही, कारण रेनिन दोन दिवसांत निघून जातं. उरते ती गाठ. तिचा पापुद्र्याइतका पातळ काप काचेवर घ्यायचा, त्यावर फक्त रेनिनलाच चिकटणारं औषध घालायचं, आणि ते जिथे चिकटेल तिथे तपकिरी रंग उमटवायचा. रंग आला तर गाठ रेनिनची. नाही आला तर माझा तर्क गेला उडत आणि पोर राहिली आजीकडे.

सर्जनला हे सांगितलं तर ते हसले. चांगले हात आहेत त्यांचे, फक्त तोंड सैल. “मॅडम, गाठ साधी आहे, कॅन्सर नाही. निघाली, विषय संपला. आता तिची कुळी काढून काय करायचंय? लग्न जमवायचंय का तिचं?”

लग्न मोडायचं थांबतंय का बघतेय, मी म्हटलं. त्यांना कळलं नाही.

घरच्या माणसाच्या काचेवर सही करायची नाही हा आमच्याकडचा नियम. म्हणून सही माझ्या सहकारी डॉक्टरणीची असणार होती. ती हुशार आहे, फक्त सगळ्याची घाई. रेनिनचं औषध आमच्याकडे नव्हतं, कारण ते लागतंच कुणाला? दुसऱ्या एका संशोधनवाल्या लॅबमधून मी चार थेंब बर्फात घालून मागून आणले. रंग द्यायचं काम आमच्या टेक्निशियनचं. त्याला सगळे ‘थांबा’ म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी त्याचा पहिला शब्द तोच. झालं का? थांबा. चहा घेणार? थांबा.

काच तयार झाली तेव्हा सहकारी डॉक्टरीण मायक्रोस्कोपवरून उठून माझ्या गळ्यातच पडली. “गच्च तपकिरी आहे. अभिनंदन. रिपोर्ट टाइप करायला सांगते.”

मी बघितलं. गाठ तपकिरी होती, खरंच. मग काच सरकवून मी गाठीशेजारची चांगल्या मूत्रपिंडाची पट्टी बघितली. तीही तपकिरी. गाळण्यांच्या तोंडाशी नाही, तर नळ्यान् नळ्या, सगळीकडे, सांडल्यासारखा रंग. तिथे रेनिन असायचं कारणच नाही. मूत्रपिंडात एक जीवनसत्त्व भरलेलं असतं, आणि आमचा रंगाचा संच नेमका त्यालाच भाळतो. स्तनाच्या गाठींवर तो संच उत्तम चालतो, तिथे ही भानगड नसते. आम्ही रोज त्याच गाठी बघतो, त्यामुळे मूत्रपिंडाचं हे लोढणं दोघींच्याही लक्षात राहिलं नव्हतं. तो रंग रेनिनचा होता की त्या जीवनसत्त्वाचा, हे कुणी सांगू शकलं नसतं.

“हे धरता येणार नाही,” मी म्हटलं.

“अगं, पण तुला हवं तेच तर आलंय,” ती म्हणाली. “आणि तिकडे कोण बघणार आहे मायक्रोस्कोपमधून? तुझे मेव्हणे?”

खरं सांगते, मोह झाला. रिपोर्ट हातात घेऊन तडक त्या माणसासमोर आपटावा असं वाटलं. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाठींबद्दल खोटं बोलले नाही, तर बहिणीच्या गाठीबद्दल कसं बोलू? आणि खोट्या रंगावर उभी केलेली बाजू उद्या कुणी लाथ मारून पाडली, तर पोर दुसऱ्यांदा जाईल. पुन्हा करा, मी म्हटलं.

त्या जीवनसत्त्वाचं तोंड आधीच बांधायचं औषध बाजारात मिळतं, पण यायला वेळ लागतो. जुना घरगुती उपाय आहे, काप आधी अंड्याच्या पांढऱ्यात बुडवायचा, मग साय काढलेल्या दुधात. थांबा कॅन्टीनमध्ये जाऊन एक कच्चं अंडं मागायला लागला. कॅन्टीनवाला म्हणाला, ऑम्लेट करून देतो की, कच्चं कशाला नेताय? मूत्रपिंडाला घालायचंय, असं थांबाने खरं उत्तर दिलं. त्यानंतर कॅन्टीनवाला बरेच दिवस आमच्याकडे संशयाने बघायचा.

दुसरी काच स्वच्छ आली. नळ्या कोऱ्या. तुलनेसाठी शेजारी दुसऱ्या एका रोग्याचं निरोगी मूत्रपिंड लावलं होतं, त्यात गाळण्यांच्या तोंडाशी नेमके तपकिरी ठिपके, पुस्तकात असतात तसे. धाकटीच्या चांगल्या पट्टीत ठिपकेसुद्धा जवळपास नव्हते, गाठच एवढं ओतत होती की तिथल्या पेशींना कामच उरलं नव्हतं. आणि गाठ पेशीन् पेशी रंगलेली. एवढ्याशा लिंबाएवढ्या गोष्टीने माझ्या बहिणीची पंधरा वर्षं नासवली होती, आणि आम्ही सगळे तिला म्हणत होतो, दीर्घ श्वास घे. मला रडू आलं आणि रागही आला. थांबा शेजारी उभा होता, त्याने पहिल्यांदाच थांबा न म्हणता माझ्यासाठी चहा आणला.

रिपोर्ट झाला, सही झाली. सर्जनच्या खोलीत मेव्हण्यांना बोलावलं. मी त्यांना सोप्या भाषेत सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तसंच. राग आल्यामुळे प्रेशर वाढत नव्हतं. प्रेशर गाठीमुळे होतं. ते मान हलवत ऐकत होते. चेहरा हळूहळू मोकळा होत गेला. मला वाटलं, पश्चात्ताप होतोय बिचाऱ्याला.

सर्जनने त्यांच्या खांद्यावर थाप मारली. “निश्चिंत राहा आता. आग लावणारी आम्ही काढून फेकली. आता घरात शांतता.”

“म्हणजे हे सगळं त्या गाठीमुळे होतं?” मेव्हण्यांनी विचारलं.

“सगळं,” सर्जन म्हणाले.

“प्रेशर,” मी म्हटलं. “आणि पाय गळायचे ते. सगळं नाही.”

पण मेव्हणे तोवर सर्जनचा हात हातात घेऊन हलवत होते. माझं वाक्य तिथेच टेबलावर पडून राहिलं.

धाकटी तेव्हा माझ्याच घरी होती. बातमी सांगितली तर तिने रिपोर्ट दोनदा वाचला. मग म्हणाली, “म्हणजे मला खरंच काहीतरी झालं होतं, ताई.” आजारी होतो हे कळून इतका आनंद झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. टाके ओढत असताना तिने आतल्या खोलीतला पलंग खिडकीकडे सरकवायला लावला, लेकीला उजेडात वाचायला आवडतं म्हणून. चादर तीनदा बदलली. मी ओरडले, तर म्हणाली, ओरड, तुझं प्रेशर नॉर्मल आहे. आणि हसली. तिचं हसू मी विसरूनच गेले होते.

मेव्हणे शब्दाला जागले. रविवारी दारात हजर, हातात पोरीची बॅग. पोर आत आली आणि आईला बिलगली, टाक्यांना जपून, एका बाजूने. आम्ही चहाला बसलो. मेव्हणे खुर्चीत आरामात रेलले.

“झालं गेलं सगळं मी मनातून काढून टाकलंय,” ते म्हणाले. “आजारी माणसाचं काय मनावर घ्यायचं? काय काय बोलायची माझ्याबद्दल, काय काय आरोप. पण आता कळलं ना, ती बोलतच नव्हती. गाठ बोलत होती. आईलाही सांगितलं, पोरीलाही नीट समजावलं.”

माझ्या हातातला कप तसाच राहिला. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण इतक्या मायेच्या स्वरात प्रथमच.

पोरीने आईचा हात धरला. पाठ करून आल्यासारखी, पण अगदी मनापासून म्हणाली, “आई, तुझी काही चूक नव्हती. बाबांनी सांगितलंय मला. दाराला बाहेरून कडी कधी नव्हतीच, ते तुला गाठीमुळे वाटायचं. मी रागावले नाहीये तुझ्यावर.”

मी तोंड उघडलं. टेबलाखाली धाकटीचा पाय माझ्या पायावर पडला, जोरात. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

“हो बाळा,” ती म्हणाली. “गाठच होती.”

मेव्हण्यांनी चहाचा घोट घेतला. साखर बरोबर आहे, म्हणाले. मला त्या माणसाचा संताप आला, आणि सगळ्यांत जास्त चीड याची की त्याच्या हातात हे हत्यार आमच्या लॅबमधून गेलं होतं. रेनिनने दाब चढतो. रेनिनने बाई दारावर नसलेली कडी बघत नाही. हे मी एका दमात सांगू शकले असते. पण पोर आईच्या कुशीत होती, आणि किंमत धाकटीने स्वतः ठरवून मोजली होती. मी मूग गिळून बसले.

पोर आतल्या खोलीत जाऊन पलंग बघून आली. पुस्तकं खिडकीत मांडली. मग माझ्या खुर्चीजवळ येऊन उभी राहिली.

“मावशी, अशी गाठ लहान मुलांना पण होते?”

“का गं?”

“असंच.” तिने बापाकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला, पण खोली लहान, सगळ्यांना ऐकू आलं. “मला पण आवाज यायचा. आई आतून दार वाजवायची त्याचा. कानात बोटं घातली तरी यायचा. आजीकडे गेल्यावरसुद्धा कधी कधी येतो. आणि मला पण कडी दिसायची. मग माझं पण ऑपरेशन करावं लागेल का?”

ती आईच्या टाक्यांच्या जागी, उजव्या कुशीवर, स्वतःचा हात ठेवून उभी होती.

धाकटी उठली. टेबलाला धरून, सावकाश. तिचा आवाज चढला नाही.

“नाही,” ती म्हणाली. “तुला काही झालेलं नाही. कडी होती. बाहेरून होती. मी दार वाजवत होते आणि तू ते खरंच ऐकलंस. मघाशी मी खोटं बोलले.”

मेव्हण्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून, अगदी दुःखी चेहरा करून म्हणाले, “बघितलंत ताई? सुंभ जळला तरी पीळ जात नाही. अजून आत काहीतरी शिल्लक आहे. पुन्हा एकदा तपासा तिला.”

“तपासायचे शिल्लक आहात ते तुम्ही,” मी म्हटलं. “दाराची भोकं मी डोळ्यांनी बघितलीत.”

“हूक होता,” ते म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. पुस्तकं बॅगेत टाकल्याचे आवाज आले. मी बाहेरच्या दारात जाऊन आडवी उभी राहिले. ते बॅग घेऊन आले, दुसऱ्या हाताने पोरीचं मनगट धरलं. मी पोरीचा दुसरा हात धरला. क्षणभर तिघंही तसेच. पोर मधे, दोन्हीकडून ताणलेली.

“ताई, सोड,” धाकटी मागून म्हणाली. “तिचे हात नका ओढू.”

मी हात सोडला आणि दारातून बाजूला झाले.

“शब्द मी दिला होता, आजार गेला तर,” मेव्हणे म्हणाले. “गेलेला दिसत नाही.”

ते जिना उतरायला लागले. पोर त्यांच्या मागे, मनगट त्यांच्या मुठीत. वळणावर तिने मान मागे करून वर बघितलं. आईकडे नाही, माझ्याकडे, कारण डॉक्टर मी.

“म्हणजे मावशी, मला नक्की काही झालेलं नाही ना?”

“नाही,” मी म्हटलं. “तुला काही झालेलं नाही. तू बरोबर ऐकलंस.”

तिने मान डोलावली आणि बापाबरोबर खाली उतरून गेली.